हातातले चाक

छंद स्वस्त असतो. महाग असते ते छंदाचे सामान. पेटी शिकणाऱ्याला नुसती पेटी पुरत नाही, तिला मखमलीची खोळ लागते. बाग करणाऱ्याचे भागत नाही, त्याला झारीच तीन प्रकारची लागते. तेव्हा वयाच्या सत्तराव्या वर्षी लाकूड कोरण्याचे संगणकी यंत्र घरी आणणारे आमचे अप्पाकाका जेव्हा म्हणाले, "याला हातात धरायचा एक कंट्रोलर हवा," तेव्हा घरात कोणालाच नवल वाटले नाही. काकूंनी एवढेच विचारले, "हवा म्हणजे लागतो, की हवाहवासा वाटतो?"

काकूंचा हा प्रश्न मी व्याकरणाच्या पेपरात घालणार आहे. पण त्याचे उत्तर शोधण्यात आमचे घराणे चांगले महिनाभर गुंतले होते. वाचकांपैकी कोणाच्या घरी असले यंत्र आले असेल किंवा येऊ घातले असेल, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तो शोध येथे मांडतो. मी मराठीचा मास्तर. यंत्रातले जे काही येथे येईल ते काकांच्या पायाशी बसून शिकलेले आहे.

हे यंत्र म्हणजे सी. एन. सी. राउटर. एका चौकटीवर गरगर फिरणारे पाते बसवलेले असते आणि ते डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांनी संगणकाच्या आज्ञेप्रमाणे चालते. या तीन दिशांना एक्स, वाय आणि झेड म्हणतात. आकड्यांच्या हुकमतीवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1952 साली लोकांना दाखवले गेले. त्याला आज्ञा मिळत त्या भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून, आणि त्याच्या नियंत्रणाची कपाटे खोलीभर पसरलेली होती. आज तेच काम काकांच्या मागल्या खोलीत, टेबलाएवढ्या जागेत चालते. संगणक जुना, त्यावरचा लिनक्ससीएनसी नावाचा कार्यक्रम फुकट.

काकांचे आयुष्य एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेले. निवृत्तीनंतर दोन वर्षे ते नुसते खिडकीशी बसून असत. वर्तमानपत्र वाचून झाले की त्याचीच घडी घालीत आणि उलगडीत. यंत्र आले आणि काका पुन्हा सकाळी सातला दाढी करू लागले. नातीच्या नावाची पाटी झाली, जाळीचा दिवा झाला, मग देव्हाऱ्याची महिरप सुरू झाली. आणि एका दुपारी तो प्रकार घडला.

काम सुरू करण्यापूर्वी यंत्राला 'शून्य' कुठे ते सांगावे लागते. त्याची जुनी रीत अशी: मोटर बंद ठेवायची, लाकडावर साधा कागद ठेवायचा, पाते हळूहळू खाली आणायचे आणि कागद सरकवून पाहायचा. कागद अडकला की पात्याचे टोक लाकडापासून कागदाच्या जाडीइतके, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतके, वर आहे असे समजायचे. आता पाहा, एक हात कागदावर, डोळे पात्याच्या टोकावर आणि पाते हलवायच्या कळा दुसऱ्या टेबलावरच्या कीबोर्डवर! वर जायला एक कळ, खाली यायला तिच्याच शेजारची. काकांनी चष्म्याच्या खालच्या काचेतून टोकाकडे पाहत चाचपून कळ दाबली, ती नेमकी उलटी लागली. पाते लाकडात रुतले आणि तडकले. त्याचा तुकडा चष्म्याच्या काचेवर आपटून खाली पडला.

मोटर बंद होती, डोळ्यांवर चष्मा होता. काही झाले नाही. पण काकूंनी तो तुकडा उचलून देवापुढच्या वाटीत ठेवला आणि शांतपणे सांगितले, "दिवाळीच्या आत याची व्यवस्था लावा, नाहीतर यंत्र विकून टाका." काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी गेलो, तेव्हा ते खिडकीशी बसलेले होते.

तेव्हा प्रश्न चैनीचा उरला नव्हता. आम्ही कामाला लागलो. या हातात धरायच्या साधनाला धंद्यात 'पेंडंट' म्हणतात. "काका पेंडंट घेताहेत," असे आमच्या चिरंजीवांनी जाहीर करताच काकूंचा चेहरा क्षणभर उजळला, तो मला पाहवला नाही. मुळात लॅटिनमधल्या लोंबणे या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला. गळ्यात लोंबते तेही पेंडंट आणि यंत्राच्या अंगाला तारेने लोंबते तेही पेंडंट. पहिल्याचा खर्च दुसऱ्याहून बरा, असे काकूंचे मत पडले.

पहिली सूचना चिरंजीवांची. त्यांनी आपला खेळायचा गेमपॅड आणून जोडून दिला, आणि तो चाललाही. दांडी जितकी कलवावी तितके यंत्र वेगाने धावते. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला उत्तम. पण टोक लाकडाला भिडवताना काकांना वेग नको होता, माप हवे होते. दांडीला माप नसते. फोन किंवा टॅबलेटवरूनही यंत्र हलवता येते, पण काच बोटाला काही सांगत नाही. कळ कुठे आहे हे डोळ्यांनीच पाहावे लागते, म्हणजे मूळ दुखणे तसेच. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आकड्यांचा छोटा सुटा कीबोर्ड. त्याच्या कळांवर खुणा चिकटवाव्या आणि एका दाबाला ठरावीक अंतर अशी योजना करावी. ज्यांना खर्च करायचा नाही त्यांनी खुशाल हे करावे.

मग आले चाक. तळहाताएवढ्या डबीवर एक गोल चाक असते. एका फेऱ्यात त्याचे शंभर टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला बोटाला जाणवणारी 'टक्'. बाजूला दोन खटके: एकाने दिशा निवडायची, दुसऱ्याने पट. बहुतेक ठिकाणी पट एक, दहा आणि शंभर असे असतात. एका टप्प्याला मिलिमीटरचा हजारावा, शंभरावा किंवा दहावा भाग. म्हणजे शंभराच्या पटीत पुरा फेरा दिला की दहा मिलिमीटर, दहाच्या पटीत एक. गंमत अशी की या चाकाचा पात्याशी दांड्याने वा दात्याने काही संबंध नसतो. चाकातून विजेचे दोन स्पंद निघतात, त्यांतला कोणता आधी आला यावरून फिरण्याची दिशा कळते. काकांनी डोळे मिटून चाक फिरवले आणि म्हणाले, "लेथचा हँडल आहे रे हा!" त्या घटकेला निवड झाली. पुढची सगळी चर्चा तपशिलाची.

त्यातला मोठा तपशील तारेचा. बिनतारी चाकाला स्वतःचा छोटा पडदा असतो, पायात तार येत नाही, यंत्राभोवती मोकळेपणी फिरता येते. एक्सएचसी या चिनी बनावटीच्या काही नमुन्यांसाठी लिनक्ससीएनसीत सोयही आधीच करून ठेवलेली आहे. उलट त्यात बॅटऱ्या आल्या, आणि बॅटरी नेहमी काम अर्धे झाल्यावर संपते. नुसते तारेचे चाक पुष्कळ स्वस्त, पण ते जोडायला आपल्या यंत्राच्या बोर्डावर जागा हवी. जी. आर. बी. एल. या लोकप्रिय कार्यक्रमावर चालणाऱ्या साध्या छोट्या बोर्डांवर ती मुळातच नसते. म्हणून चाक पसंत करण्याआधी यंत्राचा कार्यक्रम आणि बोर्ड कोणता ते पाहावे. मुलगी पाहण्याआधी घर पाहतात तसे. चाक पाच व्होल्टचे की चोवीसचे, हेही विचारून घ्यावे.

दुसरा तपशील काकांनी स्वतः शोधून काढला. चाक भरभर फिरवले की यंत्र मागे राहते. मग हात थांबल्यावरही उरलेले टप्पे पुरे करीत ते चालूच राहते! लिनक्ससीएनसीत यावर सोय आहे: हात थांबला की यंत्रानेही थांबायचे, टप्पे राहिले तर राहू देत, असे सांगता येते. काकांनी ते तसे करून घेतले. "हात थांबल्यावर जे थांबत नाही ते माझ्या घरात नको," ते म्हणाले.

आणि तिसरा तपशील, सर्वांत महत्त्वाचा. पुष्कळ पेंडंटांवर लाल बटण असते. ते पाहून निश्चिंत होऊ नये. बिनतारी पेंडंटवरचे बटण बहुधा संगणकाला 'थांब' असा निरोप धाडते. संगणकच गोठला तर निरोप ऐकणार कोण? असली मोटर मिनिटाला चोवीस हजार फेऱ्यांपर्यंत फिरू शकते. म्हणून खरे आणीबाणीचे बटण तारेने जोडलेले, मोटरची वीज थेट तोडणारे असावे. त्याची जोडणीही अशी हवी की तार तुटली तरी यंत्र थांबावे, चालू राहू नये. वीज तुटल्यावरही पाते काही सेकंद फिरतच असते, हे घरातल्या मुलांना आधी दाखवावे.

आम्ही तपकीर गल्लीतून पिवळ्या पाटीवरचे लाल बटण आणले, ते यंत्राच्या पुढच्या कडेला, नातीच्याही हाताला येईल असे बसवले. चाक तारेचे घेतले. त्याची शिसवी डबी काकांनी त्याच यंत्रावर कोरली. काकूंनी बटण तीनदा दाबून पाहिले, तिन्ही वेळा यंत्र बंद पडले, तेव्हा कुठे वाटीतला तो तुकडा केरात गेला.

आता काका एका हाताने कागद सरकवतात, दुसऱ्याने चाक फिरवतात, नजर टोकावरून हलत नाही. महिरप पुरी होत आली आहे. यंत्रवाल्या वाचकांना दिवाळीच्या खरेदीचा क्रम सांगून ठेवतो: आधी लाल बटण, मग चांगला चष्मा, मग चाक. एवढे करून पैसे उरले, तर दुसऱ्या जातीचे पेंडंटही घरात कोणाला तरी आवडेलच.