मुलांस दरवर्षी कोविडची लस द्यावी काय?

अमेरिकेतील मराठी कुटुंबात लहान मूल असले की हिवाळ्याच्या तोंडावर एक प्रश्न हटकून उभा राहतो: मुलास यंदा कोविडची लस टोचावी की टोचू नये? इ. स. २०२५ च्या मे महिन्यात तेथील आरोग्यमंत्र्यांनी निरोगी मुलांकरिता असलेली सरकारी शिफारस काढून घेतल्याचे जाहीर केले. आणि ऑगस्टात तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सहा ते तेवीस महिन्यांच्या सर्व बालकांस लस द्यावी, असा उलट अभिप्राय दिला. सरकार एक सांगते, वैद्य दुसरे सांगतात. आईबापांनी ऐकावे कोणाचे?

आमच्या मते 'लस हवी की नको' असा प्रश्न घालणेच मुळी चूक आहे. कोणत्या मुलास, कोणत्या वयात व कशासाठी, असे विचारले म्हणजे अर्धा तंटा मिटतो. दहा वर्षांच्या धडधाकट मुलास हा रोग बहुधा सौम्य जातो व पूर्वीच्या संसर्गाने त्याच्या अंगी काही प्रतिकारशक्तीही आलेली असते. अशास दरवर्षी टोचण्याचा लाभ थोडा, हे कबूल करण्यात शास्त्राची मानहानी नाही. परंतु ज्याची ह्या रोगाशी कधी गाठच पडली नाही असे तान्हे मूल, किंवा कर्करोगाच्या उपचारांनी क्षीण झालेले मूल, ह्यांची गोष्ट निराळी. त्यांस इस्पितळात न्यावे लागण्याचे भय खरे आहे. इंग्लंडाने २०२५ च्या हंगामात मुलांपैकी केवळ दुर्बळ प्रतिकारशक्तीच्या मुलांस लस देऊ केली, ती ह्याच विचाराने. सहा महिन्यांखालील अर्भकास तर ही लस देताच येत नाही. त्याचे रक्षण गरोदरपणी आईने घेतलेल्या लसीनेच व्हावयाचे.

ह्यावर प्रतिपक्ष म्हणेल की, लसीने काही मुलांच्या हृदयाच्या स्नायूस सूज आली. हे खरे आहे. एम-आरएनए जातीच्या लसीनंतर, विशेषतः दुसऱ्या मात्रेनंतर, किशोरवयीन मुलग्यांत क्वचित असे घडले, व त्यांपैकी बहुतेक बरे झाले. हे लपवू नये. जो लसीचा दोष झाकतो तो तिचा मित्र नव्हे, शत्रूच होय. आमचे व्यापारी वाचक तागडीची दोन्ही पारडी पाहिल्यावाचून सौदा करीत नाहीत. मुलाच्या जिवाच्या सौद्यात मात्र एकच पारडे पाहावयाचे, हा कोठला न्याय?

कोणी म्हणेल, ह्या परदेशी वादाशी आपले काय? आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत १५ ते १८ वर्षांच्या व मार्चात १२ ते १४ वर्षांच्या मुलांचे कोविड लसीकरण सुरू झाले. दरवर्षीच्या लसीचा बालकांसाठी सरकारी कार्यक्रम मात्र आपल्याकडे नाही. तथापि संशय हा एका लसीपाशी थांबत नाही. त्याच २०२२ सालच्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ उठून बालके दगावली. कोविडच्या धामधुमीत पुष्कळांच्या नेहमीच्या लसी राहून गेल्या होत्या, आणि काही घरांत लसीविषयी शंकाही होती. ज्या मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या एका मुलीस हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली, त्याच मुंबईची ही कथा!

तात्पर्य, सरकारने व वैद्यमंडळींनी कोणत्या मुलास लस अवश्य आणि कोणास ऐच्छिक, हे कारणांसह सोप्या मराठीत सांगावे. हुकूम नको आणि मौनही नको. आणि आमच्या वाचकांनी परक्या देशाच्या भांडणात तोंड घालण्यापूर्वी आज घरी जाऊन आपल्या मुलांचे लसीकरण-कार्ड उघडून पाहावे. नवव्या महिन्याची गोवराची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती जर राहिली असेल, तर कोविडच्या लसीवरील सारा वाद त्या मुलाच्या काय कामाचा?