पोटमाळा कैचीला टांगू नका

पत्र्याच्या शेडमध्ये डोक्यावरची जागा मोकळी दिसली की तिथे पोटमाळा काढायचा विचार येतोच. शेतावरची शेड असो, गॅरेज असो की एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप, जमीन महाग आणि उंची मात्र आयती मिळालेली, तेव्हा विचारात गैर काही नाही. घोटाळा होतो तो पोटमाळ्याचं वजन कशावर सोडायचं हे ठरवताना. कैचीच्या खालच्या पाइपाला अँगल वेल्ड करून वर प्लाय टाकला की काम अर्ध्या दिवसात होतं, खालची जागाही अडत नाही. पण ती कैची पत्रा पेलण्यासाठी केलेली असते. भारतीय मानकात ज्या उतरत्या छतावर वर्दळ नाही, त्यासाठी चौरस मीटरला साधारण 75 किलोचा भार धरतात, उतार वाढला की त्याहून कमी. गोदामाच्या जमिनीसाठी तोच आकडा किमान 750 किलोच्या घरात जातो. आठ बाय दहा फुटांच्या पोटमाळ्यावर खताची 50 किलोची 30 पोती ठेवली, तर दोन थरही पुरे होत नाहीत आणि दीड टन वजन वर चढलेलं असतं. दोन-तीन कैच्यांत वाटून ते एकवेळ निभेलही. पण खालचा पाइप ताण सोसण्यासाठी असतो, दोन सांध्यांच्या मधोमध वजन टांगलं की तो वाकू लागतो. पातळ पाइपावर घाईने मारलेलं वेल्डिंग त्याला तिथेच कमजोर करतं, ते वेगळंच.

‘इतकी वर्षं टांगतोय, एकही पडला नाही,’ असं फॅब्रिकेटर सांगतात आणि ते खोटं नसतं. मात्र आपल्याकडे पोटमाळा भरतो कधी, ते पाहायला हवं. मे महिन्यात. खरिपाचं बियाणं आणि खत तेव्हाच येतं, पावसाआधी पत्रे दुरुस्त करायला माणसं तेव्हाच छतावर चढतात आणि वळवाचं वादळही तेव्हाच सुटतं. एरवीची वर्षं निभली ती हे तिन्ही भार एका दिवशी जमून आले नाहीत म्हणून. वजनामुळे छत वाऱ्यात उडत नाही, हा दुसरा युक्तिवाद तर उलटाच आहे. वारा आधी पत्रा उचलतो, हुकापासून आणि स्क्रूपासून. कैचीला लटकवलेली पोती त्या स्क्रूला कसलीच मदत करत नाहीत.

उरतो खर्चाचा मुद्दा, आणि तो खरा आहे. स्वतःच्या खांबांवर उभ्या पोटमाळ्याला चार खांब, आडवे चॅनेल, तिरके आधार आणि बेस प्लेट लागतात. दीड टनाला प्रत्येक खांबावर 400 किलोंच्या आसपास वजन येतं, त्यामुळे नुसत्या पातळ कोब्यावर पाइप टेकवून भागत नाही, खाली छोटा पाया घ्यावा लागतो. हे सगळं शेड बांधतानाच सांगितलं तर वाढीव खर्च आटोक्यात राहतो, नंतर कोबा फोडून करायचं म्हटलं तर तो बोचतो. खांबांनी जागा अडते म्हणावं, तर ते भिंतीलगत घेता येतात. आणि वर काय ठेवायचं याचा हिशेबही त्याच वेळी व्हावा: एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पत्र्याखालची ती शेडमधली सर्वांत उष्ण जागा असते. सोयाबीनचं घरचं बियाणं तिथे ठेवलं तर उगवणक्षमता घटते. रंग, थिनर, कीटकनाशकं तर नकोतच. रिकामे क्रेट, ताडपत्री, ठिबकच्या गुंडाळलेल्या नळ्या तिथे खुशाल राहोत.