विष ओढून घेणारे थेंब

पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर अ‍ॅसिटिलसिस्टीन आहे, अफूजन्य औषधांवर नॅलोक्झोन आहे. पण रक्तदाबाच्या व्हेरापामिलसारख्या गोळ्या भलत्या प्रमाणात पोटात गेल्या, तर हुकमी उतारा नाही. रक्तदाब सावरत राहायचे आणि औषध शरीराबाहेर पडण्याची वाट पाहायची.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील जाँ-क्रिस्तोफ लरू यांच्या गटाने 2014 मध्ये वेगळी वाट दाखवली. त्यांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लायपोसोम, म्हणजे स्निग्ध पटलाच्या अतिसूक्ष्म पिशव्या सोडल्या. पिशवीच्या आत आम्ल होते. व्हेरापामिलचा रेणू पटलातून सहज आत शिरतो, पण आम्लात त्याला विद्युतभार मिळतो आणि परतीची वाट बंद होते. मग पोकळीतला द्रव काढून घेतला, की त्याबरोबर औषधही बाहेर!

या कल्पनेचा भाऊबंद दवाखान्यांत आधीच रुळला आहे. शिरेतून पोषण देण्यासाठी बनवलेले स्निग्ध इमल्शन ब्युपिव्हाकेन या भुलीच्या औषधाच्या विषबाधेवर उपयोगी पडते, हे शिकागोच्या गाय वाइनबर्ग यांनी 1998 मध्ये उंदरांवर दाखवले. आज भूलतज्ज्ञ ते माणसांसाठी वापरतात.

तरी ‘नॅनो’ म्हटले की हुरळून जाऊ नये. उंदरापासून माणसापर्यंतचा पल्ला लांब आहे. अत्यवस्थ, बेशुद्ध रुग्णावर चाचणी करायची, तर संमती कोणाची घ्यायची? शिवाय क्वचित लागणाऱ्या उताऱ्याला बाजारात गिऱ्हाईक नसते. म्हणूनच अशा संशोधनाचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.