प्रोग्रामलाही सबुरी शिकवा

शनिवार दि. १२ एप्रिल २०२५ रोजी ऐन बाजाराच्या वेळी देशभर यूपीआयचे व्यवहार कित्येक तास अडखळले. काउंटरवर गिऱ्हाईक उभे, फोनवर चक्र फिरते आहे, पैसे गेले की नाही हे ना त्याला ठाऊक ना दुकानदाराला, असा प्रकार आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवला असेल. यूपीआय चालविणाऱ्या एनपीसीआयने नंतर कारण सांगितले. काही बँकांकडून 'त्या व्यवहाराचे काय झाले?' ही एकच विचारणा पुन्हा पुन्हा, प्रचंड संख्येने येत राहिली आणि यंत्रणा त्या ओझ्याखाली दबली. चोरी नाही, दरोडा नाही. नुसत्या चौकशीच्या गर्दीने गल्ला अडला.

१ ऑगस्ट २०२५ पासून त्यावर मर्यादा आल्या. एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहायची. अडकलेल्या व्यवहाराची चौकशी ३ वेळाच, तीही मध्ये ९० सेकंद थांबून. काहींनी कुरकुर केली. आमच्या मते निर्णय योग्यच होता, आणि हीच शिस्त आपण स्वतःच्या दुकानातील प्रोग्रामलाही लावली पाहिजे.

आता अत्तर, शिवणकाम, जरीकाम, चप्पल अशा धंद्यांतले अनेक बांधव छोट्या वेबसाइटवर ऑर्डरी घेतात. प्रोग्राम बहुधा घरचाच असतो, भाच्याने किंवा पुतणीने पायथन शिकता शिकता लिहिलेला. यात आम्हाला काही कमीपणा वाटत नाही. मात्र क्लासमध्ये प्रोग्राम चालवायला शिकवतात. समोरून उत्तरच आले नाही तर काय करायचे, हे क्वचित शिकवतात. मग पोरे सरळ लिहून टाकतात : उत्तर नाही, पुन्हा विचार, तरी नाही, पुन्हा विचार. हा तगादाच झाला. तगादा लावून बुडालेला माणूस पैसे देत नाही, तसेच दमलेले मशीनही उत्तर देत नाही.

हे दुखणे जुने आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे, जेमतेम ४०० यार्डांवर असलेली प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यातील माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. वाट तुंबलेली असतानाही संगणक पोहोचली न पोहोचली ती पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवीत होते, त्यामुळे वाट आणखी तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला. त्याचे सार एवढेच, की गर्दी दिसली की मागे सरायचे.

हे मागे सरणे नवशिक्यालाही जमते. पहिल्यांदा उत्तर आले नाही तर १ सेकंद थांबायचे, मग २, मग ४, मग ८. पाच प्रयत्नांनंतर थांबून मालकाला कळवायचे. प्रत्येक वेळी त्यात थोडा अनियमित वेळ मिसळायचा, नाहीतर सगळे प्रोग्राम एकाच क्षणी दार ठोठावतात.

दुसरी बाजू आपल्या दाराची. ईदच्या आधी नव्या डिझाइनचे फोटो ग्रुपवर टाकले की सगळे एकदम येतात, शिवाय एखादा उतावळा बटण दाबतच राहतो. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाने १० टोकनांची बरणी ठेवायची. एका विनंतीला एक टोकन, दर दोन सेकंदांनी एक भर, दहाच्या वर नाही. बरणी रिकामी झाली तर 'थोड्या वेळाने या' असे सांगायचे. यासाठी ४२९ हा ठरावीक क्रमांक २०१२ पासून आहे. लिहून ठेवायचे ते दोनच आकडे : टोकन किती उरले आणि मागचा हिशेब कधी केला. गिऱ्हाईक पुन्हा आले की मधला वेळ मोजून भर घालायची. हे पंधरा-वीस ओळींचे काम आहे. एकाच मशीनवर चालणाऱ्या दुकानाला एवढे पुरते. मोठमोठी नावे घेऊन महागडे पॅकेज विकायला येणाऱ्यांना तूर्त चहा पाजून परत पाठवावे.

खरा धोका पैशाच्या जागी आहे. चौकशी दोनदा झाली तर बिघडत नाही. पण वसुली दोनदा झाली तर गिऱ्हाईक जाते आणि चार जणांना सांगून जाते. उत्तर आले नाही याचा अर्थ काम झाले नाही, असा होत नाही. पैसे कापले गेले आणि फक्त निरोप वाटेत हरवला, असेही होते. म्हणून गिऱ्हाइकाने ऑर्डर नक्की करताच, पैसे मागण्याआधी, तिला एक क्रमांक द्यायचा. कितीही वेळा प्रयत्न झाला तरी क्रमांक तोच राहील. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद करायची नाही, आधीचेच उत्तर द्यायचे. डेटाबेसमध्ये तो रकाना 'युनिक' करून ठेवला की दुसरी नोंद आत शिरतच नाही. आपल्या वडिलांच्या पावतीपुस्तकात छापील क्रमांक असत, ते याचसाठी. नव्या पोरांना संगणकाआधी ते पुस्तक दाखवावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

काम पुरे झाले असे भाचा म्हणाला, की एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसावे. एक ऑर्डर टाकावी आणि मध्येच इंटरनेट बंद करावे. परत सुरू करून तेच बटण वीस वेळा दाबावे. मग नोंदवही उघडायला सांगावी. नोंद एकच निघाली तर ठरलेले पैसे त्याच बैठकीत त्याच्या हातावर ठेवावेत.