छातीची कैफियत

माझी थोरली बहीण, जिला नात्यातले आणि शेजारपाजारचे सगळेच अक्का म्हणतात, ठाण्याच्या एका शाळेत बत्तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झाली. आणि ज्या आवाजाने ती पन्नास मुलांचा वर्ग एका शब्दात शांत करीत असे, तो आवाज तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यापासून वाक्याच्या मध्यावरच तुटू लागला. खोकला कोरडा होता, बेडका पडत नव्हता, संध्याकाळी कधी अंग किंचित तापे आणि सकाळी आपोआप निवे. परंतु दोन जिने चढून आली की ती उंबरठ्यापाशी भिंतीला हात टेकून उभी राही आणि कोणी विचारलेच तर वयाकडे बोट दाखवी.

पुढल्या दीड वर्षाची हकिकत सविस्तर सांगण्यासारखी नाही, कारण ती पुष्कळ घरांतून जशीच्या तशी घडलेली असेल. प्रथम हवा बदलल्याचे निदान झाले. मग छातीच्या फोटोत सावली दिसली, आणि थुंकीच्या तपासणीत जंतू सापडल्याचा कोणताही पुरावा दप्तरात नसताना क्षयाची औषधे सहा महिने चालली. त्यांनी गुण आला नाही तेव्हा दमा ठरला आणि हाती पंप आला. अखेरीस ज्यांच्या नावाचा सर्वत्र दबदबा आहे अशा एका तज्ज्ञांची वेळ सहा आठवड्यांनी मिळाली. त्यांनी अहवालावरचा शेवटचा शेरा वाचला, फिल्म पाकिटातून बाहेर काढलीच नाही, आणि आम्ही पाच मिनिटांत पुन्हा रस्त्यावर आलो. रिक्षात अक्का एवढेच म्हणाली, “त्यांनी मला काही विचारलंच नाही रे.”

या वाक्याने मी पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो. कोणा एका वैद्यावर दोष लोटावा असे मला वाटत नाही, कारण या चुकीला एक इतिहास आहे. आपल्याकडे छातीच्या रोगांचे शास्त्र क्षयाच्या छायेत वाढले. मिरज-सांगलीच्या मधली वानलेसवाडी असो की मुंबईतील शिवडी, छातीचे रुग्णालय म्हणजे क्षयाचे रुग्णालय हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या रूढ होते, आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील विभागाच्या पाटीवर क्षयरोगाचे नाव आधी आणि उरोरोगाचे मागाहून येत असे. क्षय आजही या देशात एवढा आहे की फोटोतील सावली पाहून त्याची शंका घेणे हे वैद्याचे कर्तव्यच ठरते. माझी तक्रार शंकेबद्दल नाही. शंकेचा पुरावा मिळाला नाही आणि औषधाने फरकही पडला नाही, तरी मूळ निदानाची फेरतपासणी कोणी केली नाही, आणि प्रत्येक नवा वैद्य मागच्याच्या शेऱ्यावरून पुढे गेला, याबद्दल आहे.

आम्हांला वाट दाखविली ती कोणा नामवंताने नाही. फुंकर मारून फुफ्फुसाची क्षमता मोजण्याच्या यंत्रावर काम करणाऱ्या एका मध्यमवयीन तंत्रज्ञबाईंनी अक्काला तिसऱ्यांदा नळीत फुंकायला लावले, कागदावर उमटलेला आलेख न्याहाळला, आणि मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितले, “दादा, निदान करणं माझं काम नाही, पण दम्याचा आलेख असा येत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात गुरुवारी फक्त आयएलडीच्या पेशंटची ओपीडी असते. तिथे एकदा दाखवा.” फुफ्फुसातील वायुकोशांच्या मधल्या नाजूक पडद्यांना सूज येऊन कालांतराने तेथे व्रण धरतो, अशा दोनशेहून अधिक विकारांच्या समूहाला ही तीन इंग्रजी अक्षरे लावतात, हे मला त्या दिवशी कळले. दम्यात श्वासनलिका आकुंचित होऊन हवा बाहेर पडताना अडते. या विकारांत फुफ्फुसच ताठ होते आणि हवा मुळात पुरेशी आत मावत नाही.

त्या गुरुवारी लाकडी बाकावर आम्ही साडेतीन तास बसलो, आणि मग जेमतेम पस्तिशीच्या एका डॉक्टरबाईंनी आम्हांला पाऊण तास दिला. त्यांनी आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून घेतल्या, अक्काची नखे निरखली, आणि तिच्या पाठीवर खाली, अगदी बरगड्यांच्या शेवटापर्यंत, स्टेथोस्कोप ठेवून डोळे मिटून ऐकले. रेने लेनेक या फ्रेंच वैद्याने 1816 साली कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली तेव्हापासून फुफ्फुसाची भाषा ऐकण्याची ही विद्या सुरू झाली. तिच्यावरचा ग्रंथ त्याने 1819 मध्ये प्रसिद्ध केला आणि 1826 मध्ये तो स्वतः क्षयानेच गेला. डॉक्टरबाईंनी ते यंत्र माझ्याही कानाला लावून दिले. कानाजवळ केसांची बट दोन बोटांत चोळली असता जी बारीक कुरकुर ऐकू येते तीच कुरकुर माझ्या बहिणीच्या प्रत्येक श्वासाच्या अखेरीस, तळाशी, चालली होती. दीड वर्ष ती तेथे असणार.

मग जबानी सुरू झाली. घरी ओल आहे का, कूलर आहे का, उशी पिसांची की कापसाची, शाळेत असताना कोठल्या कोंदट खोलीत जुनी दप्तरे हाताळली काय, सांधे दुखतात का, हृदयाच्या ठोक्यांसाठी एखादे औषध चालू होते काय, अशा प्रश्नांच्या ओघात त्यांनी विचारले, “आजी, घरात पक्षी पाळलेत?” अक्का नाही म्हणाली. बाई तेथे थांबल्या नाहीत. “बरं, खिडकीत, गॅलरीत कबुतरं येतात?” अक्काचा चेहरा उजळला. “येतात ना! रोज सकाळी दाणे घालते मी. हे होते तेव्हा हे घालायचे. आता मी घालते.”

क्षणभर कोणीच बोलले नाही.

इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि हिपोक्रेटिसने रुग्णाला विचारावयास सांगितलेल्या प्रश्नांत आपला एक प्रश्न घातला: तुझा व्यवसाय काय? धान्य चाळणाऱ्या आणि मोजणाऱ्या लोकांच्या छातीत धुळीने काय होते, याचे वर्णन त्याने तेव्हाच करून ठेवले आहे. कबुतराच्या विष्ठेतील आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीतील प्रथिने वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली तर काही व्यक्तींच्या शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच फुफ्फुसावर उलटते, हा त्याच जातीचा मामला आहे. तो दुर्मिळही नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत 19 शहरांतील 27 केंद्रांतून आयएलडीचे 1,084 रुग्ण एकत्र पाहिले गेले, तेव्हा त्यांतील 47 टक्क्यांना हाच अतिसंवेदनशीलतेतून होणारा फुफ्फुसदाह निघाला, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा संबंध हवा थंड करणाऱ्या कूलरशी येत होता. ज्या देशात कूलरची गवती जाळी आणि खिडकीतले कबूतर घरोघरी आहे, तेथे हे दोन प्रश्न प्रत्येक जुन्या खोकल्याला विचारले गेलेच पाहिजेत.

पुढच्या तपासण्या रीतसर झाल्या: पातळ छेदांचे सीटी स्कॅन, अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा दहा सेकंद रोखून धरून फुफ्फुसातून रक्तात वायू किती शिरतो त्याचे मापन, आणि लांब व्हरांड्यात सहा मिनिटे चालणे, ज्यात अक्काच्या रक्तातील प्राणवायू 96 वरून 87 वर उतरला. त्याहून मला महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी, की बाईंनी निर्णय एकटीने दिला नाही. छातीचे वैद्य, सीटी वाचणारे तज्ज्ञ आणि ऊतींची परीक्षा करणारे तज्ज्ञ एका टेबलाभोवती बसून अशा प्रकरणांचा विचार करतात. अक्काचे दप्तर तेथे रुजू झाले आणि फुफ्फुसाचा तुकडा काढण्याची गरज नाही, असे तिघांच्या मते ठरले.

औषधे सुरू झाली, आधी स्टेरॉइड आणि मागाहून व्रणाची वाढ मंदावणारे एक महाग औषध. पण खरा इलाज गॅलरी बंद करण्याचा होता, आणि तोच तिला सर्वांत जड गेला. जाळी बसली. वाळलेली विष्ठा झाडूने झाडली तर ती भुकटी घरभर उडते, म्हणून अक्काला महिनाभर माझ्याकडे पुण्यास आणून, मागे सर्व काही ओले करून धुऊन काढले. 2025 च्या पावसाळ्यात दादरच्या कबूतरखान्यावरून मुंबईत जो वाद पेटला त्यात दाणे घालणाऱ्यांच्या भावनेची थट्टा झाली, ती मला रुचली नाही. त्या मुठीत काय असते ते मी माझ्याच घरात पाहिले आहे. परंतु दाणे घालणे थांबले पाहिजे, हे मत मी त्याच घरातून बनविले आहे.

जो व्रण झाला तो जाणार नाही. गेल्या तीन फेऱ्यांत मात्र फुफ्फुसाची क्षमता घसरलेली नाही. एक जिना ती न थांबता चढते.

ज्या वाचकांच्या घरी असा खोकला आहे त्यांनी मोठे नाव शोधण्याआधी एवढे विचारावे, की या एका प्रकारच्या विकाराचे रुग्ण नित्य पाहणारा विभाग कोठे आहे आणि तेथे वायू मापण्याची ती तपासणी होते काय. पुष्कळदा उत्तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातच सापडते. आणि आणखी एक. पहिल्या भेटीत डॉक्टरबाईंनी जुना एखादा फोटो मागितला होता. सात वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या आधी काढलेला छातीचा फोटो कपाटाच्या तळाशी, रद्दीत देण्याच्या गठ्ठ्यात मिळाला. त्यात दोन्ही फुफ्फुसे स्वच्छ होती, आणि विकार किती जुना व किती वेगाचा हे त्यावरून ठरले. केवळ अहवाल ठेवून फिल्म टाकून देऊ नका. वर तारीख घाला आणि जपून ठेवा.