मोबाइलची मौज आणि मालाचे नाव

गेल्या काही वर्षांत जालना जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत मोबाइलने जितक्या जलद गतीने प्रवेश केला, तितक्या गतीने एखाद्या सुधारित वाणानेही क्वचितच केला असेल. अंबडच्या बाजारास जाणाऱ्या एस. टी.मध्ये, घनसावंगीकडील एखाद्या गावाच्या पारावर किंवा भोकरदनच्या बांधावर दुपारच्या विसाव्यास टेकलेल्या माणसाच्या हाती आज यूट्यूब, फेसबुक अथवा व्हॉट्सॲप दिसते. याविषयी गावात दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात की, या खेळण्यापायी तरुणांचे कामावरील चित्त उडाले. तरुण म्हणतात की, आजच्या काळात माल विकावयाचा तर याच मार्गाने विकला पाहिजे. दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. ज्याला आपल्या शेतीत रस आहे आणि तो रस इतरांस वाटता येतो, त्याच्या मालास समाजमाध्यमांतून नाव मिळू शकते. मात्र ते नाव टिकणार की बुडणार, हे मोबाइलवर ठरत नाही. ते बागेत आणि काट्यावर ठरते.

करमणूक वर्ज्य नाही

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाजविकास कार्यक्रम सुरू झाला व त्या काळात ग्रामसेवक खेड्यात पोहोचला. नुसत्या भाषणाने माणसे जमत नाहीत, हे विस्तारकार्यातील कार्यकर्त्यांस लवकरच उमगले. यास्तव पोवाडे, कलापथके, चित्रपट आणि प्रदर्शने यांचा आधार घेण्यात आला. पुढे आकाशवाणीवरील शेतकऱ्यांचे कार्यक्रम आले आणि मुंबई दूरदर्शनवरील ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम घरोघरी पाहिला गेला. मनास जे रुचते ते ध्यानात राहते, हाच या सर्वांमागील विचार होता. तेव्हा आजचा शेतकरी दिवसभराच्या कष्टानंतर कुस्तीचा फड, भारूड किंवा दुसऱ्या जिल्ह्यातील एखाद्याची बाग मोबाइलवर आवडीने पाहत असेल, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही.

विक्रीच्या दृष्टीनेही या आवडीचे मोल आहे. “माल विकणे आहे, संपर्क साधावा” एवढाच मजकूर रोज पाठविणाऱ्याकडे चार दिवसांनी कोणी पाहत नाही. याउलट पोळ्याला सजविलेली बैलजोडी, ताण सोडल्यानंतर मोसंबीला आलेला पहिला बहर, खुरपणी करताना बायांनी धरलेला गाण्याचा सूर, असे जो शेतकरी मनापासून दाखवितो, त्याच्याशी पाहणाऱ्याची ओळख जुळते. पुण्या-मुंबईस नोकरीसाठी गेलेली मराठवाड्यातील कुटुंबे थोडी नाहीत. त्यांना आपल्या मुलखाची आठवण विकत घ्यावी लागत नाही, ती जागी करावी लागते. पुढे घरी मोसंबी घ्यावयाची वेळ आली की, ज्याची बाग वर्षभर पाहिली त्याचेच नाव त्यांना प्रथम आठवते.

या मौजेस मर्यादा मात्र हवी. चालू ट्रॅक्टरवर किंवा शेततळ्याच्या निसरड्या काठावर उभे राहून चित्रण करणे हा जिवाशी खेळ आहे. त्याचप्रमाणे रात्री उशिरापर्यंत पडद्यापुढे बसून सकाळची पाण्याची पाळी चुकविणाऱ्यास कोणतीही जाहिरात तारणार नाही.

नाव कोठे हरवते?

मोसंबी हे आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे. २०१६ साली ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु बहुतेक ठिकाणी बहराचा सौदा झाडावरच होतो, फळे ट्रकमध्ये मोकळी भरली जातात आणि दूरच्या बाजारी पोहोचतात. तेथे ती केवळ ‘मोसंबी’ असते. कोणाच्या बागेतील, कोणत्या तालुक्यातील, कोणत्या बहरातील, हे खाणाऱ्यास कळत नाही. नाव जालन्याचे झाले खरे; पण ते फळाबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचत नाही.

हे नाव मिळविण्यामागे काय सोसावे लागले, ते जिल्ह्यातील शेतकऱ्यास सांगावयास नको. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्याकडील कितीतरी मोसंबीबागा उभ्या वाळल्या. ज्यांना शक्य झाले त्यांनी टँकरने पाणी आणून झाडे जगविली. मोसंबीचे कलम लावल्यापासून चांगले उत्पन्न सुरू होण्यास पाच-सहा वर्षे जातात. म्हणून बाग गेली की एक हंगाम जात नाही, घराची अनेक वर्षे जातात. इतक्या कष्टाने राखलेल्या फळाने बाजारात निनावी फिरावे, ही खेदाची गोष्ट होय.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. जिल्ह्याच्या फळास मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक बागायतदाराचे काम संपले, असे नव्हे. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे त्या नावाचा कायदेशीर हक्काने वापर करण्यासाठी उत्पादकाने चेन्नई येथील नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःचे नाव नोंदवावे लागते. जो शेतकरी फेसबुकवर ‘जालना मोसंबी’ असे ठळक लिहितो, त्याने प्रथम ही नोंदणी पुरी करावी.

दोन उदाहरणे

समाजमाध्यमांचा उपयोग शेतकऱ्यांनी कसा केला, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. २०१२ साली हळदीचे भाव कोसळले असता सांगली भागातील हळद उत्पादकांनी फेसबुकच्या साहाय्याने एकमेकांशी संपर्क साधला आणि पडत्या भावात माल न देण्याचे ठरवून लिलावाकडे पाठ फिरविली. त्यांनी त्या वेळी कोणतेही आकर्षक चित्र प्रसिद्ध केले नव्हते. एरवी एकेकटा आपापली पोती घेऊन बाजारात उभा राहणारा शेतकरी या माध्यमामुळे दुसऱ्या शेतकऱ्याशी बोलू लागला, एवढेच झाले. पण तेवढ्यानेही बळ वाढते.

दुसरे उदाहरण देवगडचे. देवगड हापूसच्या नावाखाली इतर ठिकाणचा आंबा विकला जातो, ही तेथील बागायतदारांची जुनी तक्रार होती. तेव्हा देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचे चिकटपत्र लावण्याची पद्धत आणली. ग्राहकाने त्या चिकटपत्राचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवून फळाचा खरेपणा पडताळावा, अशी ती योजना आहे. जे साधन आपण शुभेच्छा पाठविण्यासाठी वापरतो, तेच येथे नावाच्या राखणीस बसविलेले आहे. जालन्याच्या मोसंबी उत्पादकांनी व त्यांच्या शेतकरी कंपन्यांनी या पद्धतीचा अवश्य अभ्यास करावा.

चित्रात गोडी दिसत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मोसंबी हे आंबा किंवा केळी यांसारखे तोडल्यानंतर पिकणारे फळ नाही. झाडावरून उतरविल्यावर तिची गोडी वाढत नाही. भाव चढा आहे म्हणून अंबिया बहराची फळे अपक्व असताना उतरविली, तर पेटीतून गिऱ्हाइकाच्या घरी आंबटपणाच पोहोचणार. बाजारात असे फळ दहा हातांतून फिरते आणि दोष कोणाचा ते कळत नाही. समाजमाध्यमावर मात्र शेतकऱ्याचे नाव, चेहरा आणि मोबाइल क्रमांक सर्वांपुढे असतो. एक नाराज गिऱ्हाईक त्याच जागी चार ओळी लिहितो आणि त्या पाच हजार माणसे वाचतात. ज्या वाटेने नाव जाते, त्याच वाटेने बदनामीही जाते.

शिवाय ही बदनामी एकट्याची राहत नाही. ‘जालना मोसंबी’ हे नाव गावच्या सामाईक विहिरीसारखे आहे. एकाने पाणी गढूळ केले, तर सर्वांच्या घागरी गढूळ भरतात. दुसऱ्या प्रांतातून आणलेले फळ आपल्या पेटीत भरणारा, वर मोठी व खाली बारीक फळे रचणारा, अथवा मागील वर्षीचे छायाचित्र यंदाचे म्हणून दाखविणारा मनुष्य दुष्काळात झाड जगविणाऱ्या आपल्याच शेजाऱ्याचे नुकसान करतो. गावाने त्याला वेळीच समज द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अफवा आणि छुपी जाहिरात

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीच्या मांसातून करोना पसरतो, अशी निराधार अफवा समाजमाध्यमांतून पसरली. मागणी एकाएकी घटली, भाव कोसळले आणि महाराष्ट्रातील असंख्य कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले. तो मजकूर पुढे पाठविणाऱ्यांत शेतकऱ्यांची मुलेही असतील, हे नाकारता येत नाही. ज्या मजकुराची खात्री नाही, तो पुढे न पाठविणे हीदेखील शेतकऱ्याची सेवाच आहे.

तितकाच धोका छुप्या जाहिरातीचा आहे. मोबाइलवर लोकप्रिय झालेली काही मंडळी एखाद्या टॉनिकची किंवा औषधाची तोंड भरून स्तुती करतात; मोबदला घेतल्याचे मात्र सांगत नाहीत. मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने तसे उघड सांगितले पाहिजे, अशी मार्गदर्शक सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिली आहे. पिकांसाठीची जैव उत्तेजकेही २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आणण्यात आली आहेत. तेव्हा “अमक्याने दाखविले” या आधारावर फवारणी करू नये. कृषी विद्यापीठाची शिफारस पाहावी, खरपुडी किंवा बदनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रास विचारावे आणि खरेदीची पक्की पावती घ्यावी. ज्या शेतकऱ्यांचा स्वतःचा यूट्यूब चॅनल आहे, त्यांच्यावर ही जबाबदारी अधिक आहे. कारण त्यांचा शब्द गावोगाव मानला जातो.

गावपातळीवर काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतीशाळेतील एक बैठक या विषयास द्यावी व पुढील गोष्टी शेतकरी बंधू-भगिनींस समजावून द्याव्यात.

(१) एकट्याने शंभर नावे काढण्यापेक्षा गटाने अथवा शेतकरी कंपनीने एकच नाव घ्यावे. ते सुटसुटीत, उच्चारास सोपे आणि गावाची ओळख सांगणारे असावे. त्याची व्यापारचिन्ह म्हणून रीतसर नोंदणी करावी.

(२) फळे ओरबाडून न तोडता कात्रीने देठ ठेवून काढावीत. ओली, डागी व मार लागलेली फळे बाजूस करावीत आणि आकाराप्रमाणे प्रतवारी करून हवा खेळण्यास छिद्रे असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरावीत.

(३) ज्या झाडाची फळे विकावयाची, त्याच झाडाचे चित्रण करावे. फळ कापून दाखवावे व रिफ्रॅक्टोमीटरवर रसातील गोडीचे माप घेऊन तेही दाखवावे. बागेतील उणीव लपवू नये. गारपीट झाली असल्यास सालीवर डाग आहेत, असे आधीच सांगावे. गिऱ्हाईक ते समजून घेते.

(४) वजन, दर आणि वाहतूकखर्च आधीच लिहून कळवावा. फळ खराब निघाल्यास काय करणार, हेही सांगावे व शब्द पाळावा.

(५) पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. “पैसे पाठवितो, पिन टाका” असे कोणी म्हटल्यास तो फसविणारा आहे, असे निश्चित समजावे. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

(६) रस, लोणचे, पापड, डाळ असे तयार पदार्थ विकणाऱ्या बचत गटांतील भगिनींनी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून तिचा क्रमांक वेष्टनावर छापावा. मोबाइलवर बोलण्यास घरातील पुरुषास पुढे करू नये. ज्या हातांनी पापड लाटला, त्यांनीच त्याविषयी सांगितलेले गिऱ्हाइकास अधिक पटते.

अपेक्षा किती ठेवावी?

समाजमाध्यमांमुळे बाजार समितीची गरज संपली, असा समज कोणी करून घेऊ नये. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि थेट विक्रीची वाट मोकळी झाली, हे खरे. परंतु वीस टन मोसंबी पेट्या-पेट्यांनी व्हॉट्सॲपवर विकणे एका कुटुंबास झेपणारे नाही. बागेतील निवडक मालाचा थोडा भाग थेट विकावा आणि बाकीचा बाजारात न्यावा, हेच व्यवहार्य होय. या थोड्या विक्रीचा लाभ मात्र मोठा आहे. खाणारा आपल्या फळास किती मोल देतो, हे एकदा शेतकऱ्यास स्वतः कळले की, बागेत सौद्यासाठी आलेल्या व्यापाऱ्यापुढे तो अंधारात बसत नाही. त्याला आपल्या मालाची किंमत ठाऊक असते आणि गरज पडल्यास नकार देण्याचे धैर्यही त्याच्यापाशी असते.

म्हणून तरुणांच्या हातातील मोबाइल काढून घेण्याचा आग्रह वडीलधाऱ्यांनी धरू नये. उलट त्यांना बागेत बोलावून आपण आयुष्यभर जे शिकलो ते त्या पडद्यापुढे सांगावे. तरुणांनीही ध्यानात ठेवावे की, आपले चित्र हजारो लोकांनी पाहिले म्हणजे माल चांगला ठरत नाही. एकदा फळ नेलेले गिऱ्हाईक पुढच्या बहराला पुन्हा विचारीत आले, तरच आपल्या मालाचे नाव झाले असे म्हणता येईल. येत्या बहरात प्रत्येक मोसंबी उत्पादक गावाने निदान एक गट उभा करून सभासदांची नोंदणी पुरी करावी आणि पहिली पेटी पाठविण्यापूर्वी त्यातील एक फळ कापून स्वतः चाखून पाहावे.