बोटांचा हिशेब कोण ठेवणार?

मोटार कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत हल्ली ‘शाश्वत पुरवठा साखळी’ला मानाचे पान असते. सौरऊर्जा, पाण्याची बचत, घटलेले कार्बन उत्सर्जन सारे तपशिलाने येते. पॉवर प्रेसखाली तुटणाऱ्या कामगारांच्या बोटांचा विषय निघाला की मात्र उत्तर ठरलेले असते : आमचा करार थेट माल देणाऱ्या टियर-वन पुरवठादाराशी, त्याने जॉबवर्क कोणाला दिले, त्या शेडमध्ये काय चालते, हे आम्हाला कसे कळणार? हा बचाव कंपन्यांच्या स्वतःच्याच गुणवत्ता-व्यवस्थेपुढे टिकत नाही. वाहन उद्योगाचे आयएटीएफ १६९४९ हे मानक सुट्या भागांचा माग ठेवायला लावते. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधला दोष उघड झाल्यावर एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) परत मागवण्याच्या कक्षेत आले, आणि ते कोणत्या गाड्यांत बसले आहेत हे उद्योगाने हुडकून काढले. भागाचा माग लागत असेल, तर तो घडवणाऱ्या हाताचाही लागला पाहिजे. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९पासून ‘क्रश्ड’ या अहवालांत हरियाणातील जखमी कामगारांच्या नोंदी मांडत आली आहे. साखळीच्या खालच्या थरांतले कारखाने, हात वाचवणारे सेन्सर नसलेले प्रेस आणि कायमची गमावलेली बोटे, हेच चित्र त्यांत पुन्हा पुन्हा दिसते. माहिती नव्हती, असे आता कोणाला म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. सुरक्षिततेच्या अटी वाढवल्या तर पुण्याजवळच्या भोसरी-चाकणचा छोटा वेंडरच बुडेल, असे म्हटले जाते. नुसते फॉर्म आणि ऑडिट त्याच्या माथी मारले तर तो खरोखर बुडेल. पण त्याचे हात बांधले कोणी? दर वर्षी भाव कमी करून मागायचा, आयत्या वेळी शेड्यूल बदलायचे आणि बिल थकवायचे, या खरेदीच्या रीतीनेच सेन्सरचे पैसे गिळले आहेत. २००६च्या एमएसएमई कायद्याने देयकाची कमाल मुदत ४५ दिवस ठेवली, उशिरावर चक्रवाढ व्याजही लावले. पण ते व्याज मागणाऱ्याला पुढची ऑर्डर जाण्याची धास्ती असते. म्हणून सुरक्षिततेचा खर्च भागाच्या दरातच धरला पाहिजे, आणि वेंडरच्या रिजेक्शनच्या आकड्याशेजारी त्याच्याकडच्या अपघातांची नोंद बसली पाहिजे, टियर-थ्रीपर्यंत. एकट्याने हे केले तर स्पर्धेत मागे पडू, ही कंपन्यांची भीतीही रास्त आहे. मात्र एकाच शेडमधून अनेक कंपन्यांचे भाग निघतात. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या सदस्यांनी एकच किमान अट लावली तर तिचा भार सगळ्यांवर सारखा पडेल.